नॉर्मल रिपोर्टवाल्या बाईचं दुखणं

माझी शाळा गारखेड्यात आणि सातवीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. बावन्नाव्या वर्षी मला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबावं लागायला लागलं. छातीवर कुणी ओली गोधडी टाकल्यासारखं व्हायचं, जबडा ताठायचा. पाच-दहा मिनिटं उभी राहिले की उतरायचं. तोवर मी खिडकीतून मैदान बघण्याचं नाटक करायची.

घरी सांगितलं तर यजमान म्हणाले, "गॅस आहे. उपाशीपोटी चहा ढोसतेस, दुसरं काय?"

यजमान भूमापन खात्यात. वर्षानुवर्षं लोकांच्या शेतांच्या हद्दी ठरवून त्यांना अशी सवय लागली होती की बायकोला कुठं दुखावं आणि किती दुखावं, तेही तेच ठरवत.

एके दिवशी शाळेच्या जिन्यातच मी मटकन बसले. मुलींनी आरडाओरडा केला, मग मात्र अँजिओग्राफी झाली. मनगटातून नळी घातली, रंग सोडला. डॉक्टर म्हणाले, "नसा अगदी स्वच्छ आहेत. कुठंही ब्लॉक नाही." यजमानांचा चेहरा असा उजळला, जणू त्या नसा त्यांनीच बसवून दिल्या होत्या.

दवाखान्यानं सीडी दिली. घरी जो येईल त्याला ती टीव्हीवर दाखवण्यात येऊ लागली. "ही डावी, ही उजवी. नुसता हायवे आहे!" पाहुणे पोहे खात माझं हृदय बघत. पोहे अर्थात मीच केलेले.

धाकटी नणंद गंगापूरहून आली. तिनंही सगळं बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, नसा तर लई चांगल्या हायेत की तुमच्या. मग दुखतं कशाला? कापूस वेचायला या आमच्याकडं. समदं जाईल." सगळे हसले. मीही हसले. पाहुण्यांसमोर तेवढं करावंच लागतं.

त्या दिवसापासून माझा दुखण्याचा हक्क गेला. गच्चीवर कपडे वाळत घालताना जबडा धरून बसले तर पेपरामागून आवाज यायचा, "रिपोर्ट नॉर्मल आहे." कॉलनीतल्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आणि सांगितलं, "मन रमवा. भजनी मंडळात जा." अठ्ठेचाळीस मुली, तीन मजले, घरचा स्वयंपाक, आणि वर यांना माझं मन रिकामं पडलेलं दिसत होतं.

असे आठ महिने गेले. मग एका सहकारी बाईंनी हृदयरोगतज्ज्ञ असलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. ट्रेनिंग आहे असं घरी सांगून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्यांनी सीडी बघितली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "आता नेमकं काय होतं ते तुम्ही सांगा." मी पंधरा मिनिटं बोलले. मध्ये कुणी तोडलं नाही. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

"यात मोठ्या नसा दिसतात," त्या म्हणाल्या. "पुढं त्यांच्या केसाहून बारीक नसा होतात, त्या यात येतच नाहीत. त्यांना आतून एका पेशीइतकं पातळ अस्तर असतं. तुम्ही जिना चढलात की ते अस्तर नसेला सांगतं, सैल हो, जास्त रक्त जाऊ दे. बीपी, साखर, तंबाखू, पाळी जाणं, अशा कारणांनी ते बिघडतं. मग नस सैल होत नाही, उलट कधी आवळतेसुद्धा."

"म्हणजे हे मनाचं नाही?"

"मन कधी जिना चढतं का, ताई?"

त्यांनी आणखी एक तपासणी करायला लावली. औषध देऊन हृदयाचं काम वाढवायचं आणि रक्त किती वाढतं ते मोजायचं. माझं जेवढं वाढायला हवं तेवढं वाढत नव्हतं. बीपीही चढलेलं निघालं.

रिपोर्ट घेऊन घरी आले. यजमानांनी तो उलटापालटा करून बघितला. त्यांना 'नॉर्मल' हा शब्द सापडेना.

"फोटोत न दिसणारी नस? मग ती आहे कशावरून?"

"तुमच्या नकाशात नाही म्हणून माझ्यातही नाही का?"

रिपोर्टची घडी घालत ते म्हणाले, "मग हे आधी का नाही सांगितलंस?"

त्या रात्री मी स्वयंपाक केला नाही. एवढंच केलं.

गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी झालं, रोज चालणं आलं. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण जिन्यात बसण्याची वेळ पुन्हा आली नाही. डॉक्टरांचं पत्र नेलं तर हेडबाईंनी दोन दिवसांत माझा वर्ग तळमजल्यावर आणला. वर्षभर माझ्या तोंडी विनंतीला मात्र जागा नव्हती. यजमान आता पाहुण्यांना अस्तर समजावून सांगतात. "अँजिओत दिसत नाही हं ते!" मी शेजारीच बसलेली असते.

दिवाळीत नणंद आली. स्वयंपाकघराचं दार लोटून घेत हळूच म्हणाली, "वहिनी, मलाबी बांध चढताना छातीत तसंच होतंय. वरीस झालं. दादाला सांगू नका."

"कापूस वेचून गेलं नाही का?" मी म्हणालेच. मी काही साध्वी नाही.

तिनं मान खाली घातली. "मारा टोमणं. पण डॉक्टरीणबाईकडं न्या."

दुसऱ्याच दिवशी नेली. तिच्या मोठ्या नसेतच अडथळा निघाला, स्टेंट टाकावा लागला. गंगापूरचे निम्मे नातेवाईक भेटायला आले. त्या सगळ्यांसमोर यजमान मला म्हणाले, "बघ, हिचं खरं दुखणं निघालं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवरून नणंदच बोलली, "दादा, तू गप बस. वहिनीनं आणलं म्हणून मी हाय."

यजमान चहा आणायला खाली गेले. मी तिची उशी नीट केली.