सोनगीरच्या ढाब्यावर उभी असलेली आमची अँबेसिडर

नजर कमी झाली तेव्हा आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अँबेसिडर विकावी लागली. तिच्याच भाड्यावर मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. घेणाऱ्याला आबांनी एकच अट घातली होती, गाडी चालती ठेवा. त्यानं मान डोलावली होती.

यंदा दसऱ्याला आबा म्हणाले, "चल, तिची पूजा करून येऊ. त्यालाही सोनं देऊ."

सोनगीरजवळ महामार्गावर त्याचा ढाबा आहे. गाडी दारातच उभी होती, चाकं काढून विटांवर ठेवलेली, अंगाला भडक गुलाबी रंग फासलेला. आबांनी नारळ फोडण्याआधी बॉनेट उघडलं. आत इंजिन नव्हतं. माती भरून त्यात सदाफुली लावली होती.

आबा एकदम अहिराणीवर आले. "इंजिन कोठे शे रे?"

"भंगारात गेलं, आबा. आता लोक फोटोसाठी थांबतात. जरा बाजूला व्हा, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"चालती ठेवतो म्हणाला होतात तुम्ही," मी म्हणालो.

"म्हणालो असेन. एवढा जीव होता तर विकली कशाला?" तो हसला आणि आबांपुढे हात करून म्हणाला, "आणा, सोनं आणा."

दसऱ्याला आमच्याकडे वैऱ्यालाही सोनं देतात. आबांनी मुठीतली आपट्याची पानं परत खिशात घातली. त्यानं हात माझ्याकडे वळवला. मीही दिली नाहीत. नारळ तसाच पिशवीत टाकून आम्ही धुळ्याच्या बसची वाट बघत रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिलो.