दुसरा तांब्या

गेल्या महिन्यात मुलाच्या हट्टापायी आमच्या स्वयंपाकघरात पाण्याचा फिल्टर बसला. बसवायला आलेल्या गृहस्थांनी नळाच्या पाण्याने ग्लास भरला, त्यात पेनासारखं एक यंत्र बुडवलं आणि आकडा बघून असा चेहरा केला, की घरात कुणी गेलंय की काय असं वाटावं. "काकू, हे पाणी पिता तुम्ही?" मी म्हटलं, "पितो की. आणि त्या पलंगावर बसल्यात ना, त्या माझ्या सासूबाई. त्या तर माझ्याही आधीपासून पितात. काय झालं ते त्यांनाच विचारा." त्यानंतर ते मुकाट्याने भोकं पाडत राहिले.

पण खोटं कशाला बोलू, पाणी आमचं जडच. तिसगावच्या पुढे डोंगराकडेला हे बाजाराचं छोटं गाव, आणि नळाला येतं ते बोअरचं पाणी. तपेल्यांना आतून पांढरा थर धरतो. साबण कितीही घासा, फेस म्हणून येत नाही. केस धुतले की हाताला काथ्या लागतो.

माझं माहेर राहुरीकडचं, मुळा धरणाच्या पाटाशेजारी. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते पाटकरी होते. पाटाचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला. मुलीला स्थळ बघायचं तर आधी तिथलं पाणी बघावं, हा त्यांचा कायदा. सोयरिकीच्या घरी गेले की तांब्याभर पाणी मागायचे आणि डोळे मिटून सावकाश प्यायचे. जमीनजुमल्याचं नंतर. एक मास्तर त्यांनी निव्वळ मचूळ पाण्यापायी नाकारले. मी त्या मास्तरांना पाहिलं होतं. दिसायला बरे होते.

इथलं घर बघून परत आले तेव्हा आईने पहिला प्रश्न तोच विचारला. अण्णा म्हणाले, "तांब्यातलं पानी ग्वाड हाय. पोरगी द्यायला हरकत न्हाई." आणि माझं लग्न ठरलं.

लग्नानंतर पहिल्यांदाच चुलीपुढे बसले आणि नळाच्या पाण्यात तुरीची डाळ टाकली. तासभर झाला, सरपण संपत आलं, डाळ आपली दाण्याला दाणा. मला रडूच फुटलं. सासूबाई आत आल्या, पातेलं उतरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझं काय चुकलं न्हाई. हे पानीच असलं हाय. तुझ्या अण्णांना पाजलं ते मळ्यातल्या इहिरीचं हुतं." त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं होतं, की मुलीचा बाप पाणी पिऊन सोयरीक ठरवतो. म्हणून त्या सकाळी उठून मळ्यापर्यंत चालत गेल्या होत्या आणि एक कळशी गोड पाणी घेऊन आल्या होत्या. चिंचेने घासून लख्ख केलेला तांब्याही त्यासाठीच.

"सांगशील का त्यांना?" त्यांनी विचारलं. कडक बाई, अख्खी गल्ली वचकून असायची, पण तेव्हा आवाज पार खाली गेला होता. मी म्हटलं, "नाही सांगत, आत्या."

आषाढात अण्णा मुऱ्हाळी म्हणून आले, म्हणजे मला माहेरी न्यायला. त्या दिवशी उजाडताच आम्ही दोघी कळश्या घेऊन मळ्यात गेलो. तेव्हापासून तो आमचा नेमच झाला. अण्णा यायचे कळलं, की सासूसुना विहिरीवर. घरात त्या माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. त्या वाटेवर मात्र त्यांना वाचा फुटायची. माहेरची बोरं, मेलेली बहीण, सासऱ्यांचा तापटपणा, सगळं मला त्या पायवाटेवर कळलं. बांधावरची घाणेरी, ओली चुंबळ, डोक्यावर डचमळणारं पाणी. आज ती वाट आठवली की जीव कासावीस होतो. विहीर आटली, तिच्या भोवती चार बोअर झाली, आणि सुनेने सासूबरोबर असं चालत जावं अशी जागाच गावात राहिली नाही.

त्या पहिल्या खेपेला अण्णा अंगणात आले. सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे हातपाय धुवायला बादली आणि साबण पुढे केला. मी पंचा घेऊन उभी होते आणि एकदम माझ्या लक्षात आलं. बादली नळाच्या पाण्याची होती! एवढी पायपीट केली आणि हे दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. साबण अण्णांच्या हातावरून नुसता निसटत होता. त्यांनी हात धुतले, ओट्यावर बसले, तांब्या तोंडाला लावला आणि म्हणाले, "इहीनबाई, पानी ग्वाड हाय तुमच्याकडचं. आनखी एक तांब्या द्या." सासूबाईंचा चेहरा असा खुलला, की विचारू नका.

मग आम्ही माहेरच्या वाटेला एसटीत बसलो. करंजीच्या घाटाआधी अण्णांनी कंडक्टरला विनवून गाडी थांबवली, झुडपाआड जाऊन आले, लोक हसले. ते परत शेजारी बसले तेव्हा मला राहवलं नाही. सासूबाईंना दिलेला शब्द मोडून मी म्हटलं, "अण्णा, ते पाणी..."

"ठाव हाय," अण्णा म्हणाले. "घर बघाया गेल्तो तवाच कळलं. तवाबी हात धुतलं, साबनाला फेस न्हाई. आन तांब्यातलं पानी निवळ ग्वाड."

"मग तरी दिलीत मला?"

"ग्वाड पानी लांबूनच आनलं आसनार; एका तांब्यापायी एवढं चालत गेलं ते घर. पाव्हन्यासाठी जे एवढं करत्यात, ते पोरीला वाऱ्यावर सोडत न्हाईत."

माझे केस मुठीमुठीने गळत होते आणि माझ्या बापाला हे सुचत होतं! नगर येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. उतरताना ते एवढंच म्हणाले, "इहीनबाईंना कळू दिऊ नको. मानूस एकदा खजील झालं, की पुन्यांदा मोकळं बोलत न्हाई." म्हणजे आता दोन्हीकडून माझ्या तोंडाला कुलूप.

ते मी पाळलं. अण्णा वर्षातून दोनतीनदा यायचे, हात धुवायचे, तांब्या रिकामा करायचे आणि दुसरा मागायचे. मला घेऊन निघाले, की घाटाआधी गाडी थांबवायचे. सासूबाई कौतुकाने गल्लीभर सांगायच्या, आमच्या इवायाला आमच्याकडचंच पाणी लागतं. पुढे पुढे कळशी डोक्यावर चढवताना कुरकुरायच्याही, "बाई, किती पानी पितो हा मानूस! शुगर तपासाया सांग."

अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. राहुरीचं ते घर आता भावाचं आहे, आणि तिथं गेले की पाटाचा आवाज ऐकून मला अजून भरून येतं.

तर, फिल्टरवाले गृहस्थ गेले. मी पहिला ग्लास सासूबाईंना दिला. त्यांनी दोन घोट घेतले, ग्लास मांडीवर धरून बसल्या आणि म्हणाल्या, "हे तवाच आलं आसतं, तर तुझ्या अण्णांना फसवावं लागलं नसतं. लई वर्सं झाली, पन माझ्या मनातून ते जात न्हाई. देवमानूस. पान्यावर इस्वास ठिवून लेक दिली, आन मी खोटं पाजलं. आता वर गेल्यावर काय तोंड दावू?"

एवढी वर्षं ही बाई हे उराशी धरून बसली होती, आणि मला पत्ताही नव्हता. अण्णांना दिलेला शब्द त्या क्षणी मोडला. मी सगळं सांगितलं. साबण, फेस, एसटीतलं बोलणं, सगळं.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग एकदम म्हणाल्या, "आन मंग आपन दोगी दर साली मळ्यात कशाला गेलो?" आणि आम्ही हसत सुटलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. बोळक्या तोंडाने त्या हसत होत्या आणि मधेच थांबल्या. ग्लासाकडे बघत राहिल्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "तान तर एकाच तांब्याची आसनार. दुसरा तुझं अण्णा आपन आनलं म्हनून पीत हुतं."

हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. करंजीच्या घाटाआधी दर खेपेला गाडी थांबवायला लावणारे, लोकांचं हसू ऐकून घेत झुडपाआड जाणारे अण्णा डोळ्यांपुढे आले, आणि मी सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले.