कोचावरच्या सुरकुत्या

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तत्त्वज्ञानाच्या सरांनी आम्हाला लोणावळ्यातल्या एका हॉलमध्ये परदेशी सिनेमा दाखवला. खिडक्यांना घोंगड्या लावून भर दुपारी अंधार केला होता. मी मळवलीहून गाडीने आलो होतो, पण मन थाऱ्यावर नव्हतं. आबा, म्हणजे माझे वडील, मुंबईच्या एका शेटजींच्या मळवलीतल्या बंगल्याची राखण करायचे. शेटजी मला त्यांच्या कारखान्यात लावून घेणार होते आणि रविवारी आमचं उत्तर ऐकायला येणार होते. मला मात्र बी. ए. पुरं करायचं होतं, तेही तत्त्वज्ञान घेऊन. हे मी घरी बोललोच नव्हतो. तत्त्वज्ञान म्हणजे काय ते कसं सांगायचं, इथेच मी अडायचो. शिवाय नाही म्हटलं तर आबांची राखण टिकेल का, ही धास्ती होतीच.

सिनेमातली बाई रोज एका डॉक्टरकडे जायची, कोचावर आडवी व्हायची आणि स्वप्नं सांगायची. डॉक्टर तिच्या डोक्यामागे बसून एवढंच विचारायचा, तुला काय हवं आहे? ती कधी नवऱ्याबद्दल बोलायची, कधी समुद्राबद्दल, कधी मेलेल्या बहिणीबद्दल. तो पुन्हा तेच विचारायचा. पडद्याखालची इंग्रजी अक्षरं माझी वाचून होण्याआधीच निघून जात. माझा जीव भलत्याच गोष्टीत अडकला होता. बाई बुटांसकट झोपायची, उठून जायची, आणि कोच तसाच चुरगळलेला राहायचा.

शेवटी सरांनी एकेकाला काय दिसलं ते विचारलं. शहरातली मुलं अबोध मन, वासना, स्वातंत्र्य असं काही काही बोलली. मी उठून म्हणालो, "सर, ती गेल्यावर कोच कोण नीट करतं, ते दाखवलं नाही."

सगळे हसले. "याला लावा त्या डॉक्टरकडे कामाला," मागून कुणीतरी म्हणालं. सर हसले नाहीत. हा प्रश्न तुम्हाला का पडला, असं त्यांनी विचारलं. मी खाली बसलो. कान तापले होते.

शनिवारी बंगल्यात गाद्यांना ऊन द्यायचं होतं. शेटजी यायच्या आदल्या दिवशी आम्ही गाद्या गच्चीत टाकायचो आणि खुर्च्या-कोचांवरची पांढरी आवरणं काढायचो. वर्षातले कितीतरी महिने ते घर रिकामं असे, तरी आम्ही तिथं जमिनीवरच बसायचो. बसू नका असं कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

आबा गच्चीत गेल्यावर मी दिवाणखान्यातल्या कोचावर आडवा झालो. जन्मात पहिल्यांदा. पाय तेवढे बाहेर लोंबते ठेवले. उठावं असं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. तेवढ्यात आबा गाद्या झोडायची काठी न्यायला खाली आले.

ते रागावतील असं वाटलं. पण ते माझ्या डोक्याशी जमिनीवर बसले. "काय रं, बरं न्हाई का?"

त्यांचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच बहुधा मला बोलता आलं. "आबा, मला कारखान्यात न्हाई जायचं. मला शिकायचंय."

वर छताकडे बघत राहणं मला असह्य झालं.

"मंग शेटला काय सांगू?"

"ठाव न्हाई."

"आदी ऊठ. सुरकुत्या मोड त्या."

रविवारी शेटजी नेमके त्याच कोचावर बसले. आबा समोर उभे होते, मी चहाचा ट्रे धरून दाराशी. "पोरगं अजून शिकतंय, साहेब," आबा म्हणाले. काय शिकतो, असं शेटजींनी विचारलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. तत्त्वज्ञान, मी म्हणालो.

"त्याचं पुढे काय होतं?"

मी तोंड उघडायच्या आत आबा बोलले, "ते शिकल्यावर सांगंल की."

शेटजी थोडे हसले आणि आंब्याच्या झाडांविषयी बोलू लागले. राखण राहिली की गेली, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. संध्याकाळी त्यांची मोटार गेल्यावर आम्ही आवरणं पुन्हा चढवायला घेतली. जाताना शेटजी पुढच्या महिन्यात येतो म्हणाले होते, तेच मी मनात घोळवत होतो. आबा कोचापाशी थांबले. तळहाताने त्यांनी बैठक दाबून पाहिली.

"लय मऊ हाय व्हय?"

"व्हय," मी म्हणालो.

ते बसले नाहीत. आवरणाचं दुसरं टोक त्यांनी माझ्याकडे दिलं.