भवानी पेठेतला रमीचा डाव

सोलापूर स्टेशनात आमची गाडी शिरली तेव्हा कुठल्याशा गिरणीचा भोंगा वाजत होता. आम्ही तिघं उतरलो : माझ्या बहिणीचे यजमान अण्णा, त्यांचा मुलगा सुरेश आणि मी. बहिणीचा पाय मुरगळल्यामुळे मुलगी पाहायला तिच्याऐवजी माझी नेमणूक झाली होती. आजवर बऱ्याच मुली अण्णांच्या पसंतीला उतरल्या नव्हत्या. सुरेशची पसंती कुणी विचारली नव्हती.

जायचं होतं भवानी पेठेत; पण अण्णांनी टांगेवाल्याला रस्ता दाखवायला सुरुवात केली, त्यामुळे आधी भलतीकडचा सात रस्ता चौक पाहून झाला. उलट फिरून पेठेत आलो तर गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांची खटखट चाललेली, आणि दोऱ्यांवर रंगवलेलं ओलं सूत.

मुलीची आई चंद्राक्का दारातच उभी होती. इरकली लुगडं, कपाळाला विभूती, नजर शांत. मध्यस्थानं घरात सुताचा व्यापार असल्याचं सांगितलं होतं. अण्णांनी चौकशी केल्यावर ती म्हणाली, की चाललंय आपलं कसंतरी. मुलगी गिरिजा बी.ए.ला होती. तिनं पोहे आणून दिले आणि अण्णांच्या प्रश्नांना मोजकी उत्तरं दिली.

जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि हुग्गी (गूळ घालून केलेली गव्हाची खीर) होती. स्वयंपाक गिरिजाच्या वडिलांनी केला होता आणि वाढतही तेच होते. पाहुण्यांसाठी इतकं करतात याचं अण्णांना फार कौतुक वाटलं.

जेवणानंतर बाहेर ऊन रणरणत होतं. वेळ घालवायला रमी खेळू या, पैसे न लावता, असं अण्णांनी सुचवलं. चंद्राक्कानं एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि थोडंफार येतं म्हणाली. ती, अण्णा आणि सुरेश असे तिघं बसले. मी तिच्या मागे.

तिनं पानं लावून घेतली नाहीत, नुसती एकदा पाहिली. बदामाची सत्ती, अठ्ठी, नव्वी आयती आली होती. अण्णांनी खाली काय टाकलं ते पाहून तिनं त्यातली अठ्ठी काढून दिली. अण्णांनी ती झडप घालून उचलली आणि डाव जिंकला. पुढचेही डाव तेच जिंकले. मग पानं हातात कशी धरावीत, हे त्यांनी तिला समजावलं. ती "व्हय का?" म्हणत ऐकत राहिली.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. गिरिजा तिथं उभी होती.

"मावशी, आई मुद्दाम हरतीय, दिसलं न्हवं तुमाला?"

दिसलं, म्हटलं. मग तिनं सगळं सांगितलं. वडिलांना तीन पत्तीचा नाद होता. सुताचे व्यापारी घरी जमायचे, वडील हरायचे आणि आई चहा देता देता सगळ्यांचे चेहरे बघायची. एकदा वडील आजारी पडले, तेव्हा ती त्यांच्या जागी बसली, ती पुन्हा उठली नाही. विजापूर, गुलबर्गा, हैदराबादपर्यंत तिला बोलावणी यायची. हैदराबादच्या एका क्लबात ती पोकर शिकली आणि शिकवणाऱ्यांनाच हरवून आली. घर, गिरिजाचं कॉलेज, सगळं त्यावर चाललं होतं. वडिलांनी पत्ते सोडले आणि चूल धरली.

"आज ती माज्यासाठी हरली," गिरिजा म्हणाली. "तुमच्या घरात मला रोज हरावं लागंल. मला हे स्थळ नको. तुमीच सांगा त्यांना."

निघताना मी चंद्राक्काला बाजूला घेऊन गिरिजाचं म्हणणं सांगितलं आणि तिला काय वाटतं ते विचारलं.

"पोरगी म्हणती ते खरं हाय. माणूस बघून खेळायचं, हाच माजा धंदा. आज पावणा कसा हाय, तेवडं बघायचं टाळलं की मी."

परतीच्या गाडीत अण्णा खुशीत होते. मुलगी पसंत होती, माणसं साधी होती, कार्यालय कोणतं घ्यायचं तेही ठरत आलं होतं. मुलीचा नकार मी त्यांना सांगितला. आईच्या धंद्याचं बोलले नाही. कुर्डुवाडीला त्यांना कारण सापडलं.

"आई सारखी हरली ना, ते लागलं त्यांना. माणसात खिलाडूपणा हवा."

सुरेश खिडकीकडे तोंड करून बसला. तो हसत होता की रडत, मला कळलं नाही.

घरी पोचल्यावर अण्णांनी बहिणीला सांगितलं, की स्थळ आपणच नाकारलं. ती पाय शेकत बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "बरं केलंत."

इतकी वर्षं मी या घरात येते-जाते. बहिणीला पत्ते किती चांगले येतात, ते मला त्या दिवशी कळलं.