वाचलंस? मग सांग!

आमच्या घरात नुसतं मोठ्याने म्हणण्याला वाचणं म्हणत नसत. वडील पत्रकं काढायचे: पाण्याची, एसटीची, खाणीविरुद्धची. नवं पत्रक आलं की आम्हा बहिणींपुढे टाकायचे. ते प्रमाण मराठीतलं पत्रक मनात वाचायचं आणि मालवणीत सांगायचं. कुणी घडाघडा म्हणून दाखवलं तर म्हणत, "पोपट होव नको. समाजला काय ता सांग."

माझ्या भाचीलाही, ताईच्या लेकीला, मी तसंच शिकवलं. आधी मराठी, मग इंग्रजी.

यंदा जामसंड्यातल्या तिच्या इंग्रजी शाळेतून बोलावणं आलं. मुलीला वाचता येत नाही, पहिलीत न घालता बालवर्गातच ठेवू, असं बाईंचं म्हणणं. दारातच ताईने माझा दंड धरला. "गप रव हां. हयसर भाषण नको गो."

बाईंनी पुस्तक उघडून इंग्रजी ओळ दाखवली. "वाच." भाचीने ओळीवरून मुकाट बोट फिरवलं आणि म्हणाली, "माजर खाटीखाली निजला."

"बघितलंत? चित्र बघून सांगते. तेही मालवणीत! घरी आता इंग्रजीच बोला. मराठी वाचन वर्षभर बंद."

ताई मान हलवू लागली. माझं डोकं तापलं. पोरीला दोन लिप्या येतात, तर म्हणे त्यातली एक पुसून टाका!

"चित्र नकोच," मी म्हटलं. "फळ्यावर लिहा. तुमच्या मनातलं काहीही."

बाई रागानेच उठल्या. इंग्रजीत एक ओळ लिहून खडू आपटला. भाची बघत राहिली. तिचे ओठसुद्धा हलेनात. ताईची बोटं माझ्या दंडात रुतली.

"बाई," भाचीने काळजीने विचारलं, "तुमच्या कुत्र्यान नुस्ता खाल्ल्यान? मगे तुमी कित्याबरोबर जेवलास?"

फळ्यावर तेच होतं: माझ्या कुत्र्याने मासा खाल्ला.

"कुळथाची पिठी गो!" बाईंच्या तोंडून निघून गेलं. मग त्या सावरल्या. "आता मोठ्याने वाच."

भाचीने अडखळत एकेक इंग्रजी शब्द वाचला. एकही चुकला नाही.

"पहिलीत घेते," बाई म्हणाल्या. "पण शाळेत असं मालवणीत सांगायचं नाही."

मी तोंड उघडलं. ताईने चिमटा काढला आणि आम्हाला बाहेर नेलं. "चला. झाला आपला काम."

पायरीवर भाची थांबली. "आये, सांगूक नाय तर माका समाजला ह्या बाईंक कळतला कसा?"

ताईने माझा दंड सोडला.

"जा गो," ती म्हणाली. "कर तुझा भाषण."