निर्लेखन म्हणजे रंगरंगोटी

आमच्या नगरपंचायतीच्या सभागृहात एकच शब्द नीट बोलला जायचा, आणि तो म्हणजे ‘मंजूर’. बाकीचे शब्द विषयपत्रिकेत असायचे आणि तिथेच राहायचे. अधीक्षक विषयांचे क्रमांक वाचायचे, विषय वाचायचे नाहीत. ‘विषय क्रमांक चार’ म्हटलं की समोरून तीन-चार गळ्यांतून ‘मंजूर’ यायचं, ‘पाच’ म्हटलं की पुन्हा. चहा येईपर्यंत अर्धं गाव मंजूर झालेलं असायचं. एकदा अधीक्षकांनी चुकून आठ क्रमांक दोनदा वाचला, तर तो दोनदा मंजूर झाला. मला हसू आलं. अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी कीर्तनात शिंकलेच जणू.

मी त्या सभागृहात पाच वर्षं बसले. तिथे जायची माझी काही हौस नव्हती. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव सुटला आणि आमच्या ह्यांनी लग्नात, बारशात, मयतीत फिरून जमवलेली सगळी ओळख वाया जाण्याची वेळ आली. मग ह्यांना मी आठवले. फलकावर माझा फोटो आधार कार्डावर असतो तेवढा, आणि ह्यांचा हात जोडलेला, कमरेपर्यंत. निवडून आले मी, गुलाल ह्यांच्या अंगावर. दुसऱ्या दिवसापासून लोक ह्यांना ‘नगरसेवक’ म्हणू लागले आणि मला ‘वहिनी’. सभेत नवऱ्यांनी बसायचं नाही असा नियम आहे. म्हणून आम्हा बायकांचे नवरे दाराबाहेरच्या बाकावर बसत आणि दार उघडं ठेवलं जाई. आतल्या बायका हात वर करण्याआधी दाराकडे बघत. मी बघत नसे, आणि याचा मला फार तोरा होता. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली बाई. या सगळ्या खोगीरभरतीत वाचून सही करणारी मी एकटी, अशी माझी पक्की समजूत होती.

तसं पाहिलं तर माझं त्या कार्यालयात एकच काम होतं. माझी आई आठवडी बाजारात मेथी, शेपू, कोथिंबीर घेऊन बसते. वडील लवकर गेले, त्या भाजीवरच मी शिकले. आता तिला शुगर आहे. शुगरच्या माणसाला तासा-दीड तासाला उठावं लागतं आणि डॉक्टर वर आणखी सांगतो, पाणी भरपूर प्या. सकाळी काळीपिवळीत दाटीवाटीने बसून ती गावाहून येते, ती दिवेलागणीला परत. एवढ्या वेळात उठून जायचं कुठे, हा बाजारातल्या प्रत्येक बाईचा प्रश्न. त्यावर उत्तर म्हणून बाजाराच्या कोपऱ्यात दोन खणांचं एक महिला स्वच्छतागृह होतं. एका दाराला कडी नाही, दुसरं दार बंदच होत नाही, टाकीत पाणी नाही. भिंतीवरची ‘महिला’ ही अक्षरं पुसून गेलेली, त्यामुळे पुरुष खुशाल आत शिरायचे. बायकांनी आपला तोडगा काढला होता. एक आत जाई, दुसरी पदर खोचून दाराशी उभी राही. माझी आई या राखणदारीत पटाईत. कुणी बाप्या आलाच तर ती ओरडायची, “आत तुझी माय बसलीय व्हय रं?” तो मुकाट वळायचा.

कसंही असलं तरी ते होतं, आणि आईचा दिवस त्याच्यावर निघत होता. निवडून आल्यावर मी पहिला अर्ज दिला तो याचाच. दारांना कड्या बसवा, टाकीत पाणी सोडा आणि भिंतीवर ‘महिला’ अशी ठळक अक्षरं रंगवा. अर्ज आवकमध्ये गेला. दोन वर्षं झाली तरी त्याची जावक काही झाली नाही. मी विचारलं की अध्यक्ष म्हणत, “वहिनी, तुमचं काम म्हंजी आमच्या घरचं काम,” आणि त्यांच्या घरची कामं कशी होतात हे त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक.

आमच्याकडे दिवाळी झाली की अर्धा तालुका ऊसतोडीला कारखान्यांवर जातो. गल्ल्यांमध्ये म्हातारी माणसं उरतात, बाजार विरळ होतो. ज्या विषयावर गलका होऊ नये तो विषय नगरपंचायत नेमका त्या दिवसांतल्या सभेला काढते. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी नुसती खूश झाले होते, कारण विषयपत्रिकेत सातव्या क्रमांकावर छापलं होतं: ‘आठवडी बाजार येथील महिला स्वच्छतागृहाचे निर्लेखन करणेबाबत.’

निर्लेखन. अक्षरं रंगवा असा माझा अर्ज, आणि हे लेखन. म्हणजे अर्ज शेवटी हलला. ते ‘निर्’ कशाला लावलंय, असं एकदा मनात आलं. पण सरकारी मराठीला प्रत्येक शब्दाला शेपूट नाहीतर शिंग लावायची खोडच असते, असं म्हणून मी ते सोडून दिलं. शब्दकोश घरात होता. कपाटाच्या वरच्या फळीवर, कॉलेजच्या पुस्तकांत. स्टूल घेऊन चढायचा मला कंटाळा आला.

सभेत सातवा क्रमांक आला तेव्हा अध्यक्षांनी हात वर करून ‘मंजूर’ थांबवलं. असं कधी होत नसे.

“हा विषय वहिनींचा हाय,” ते म्हणाले. “वहिनी, तुमीच सूचक व्हा.”

सूचक म्हणजे ठराव मांडणारा. त्याचं नाव आणि सही नोंदवहीत ठरावाखाली येते. आजवर मला कुणी सूचक केलं नव्हतं. मी उठले, ठराव मांडते म्हणाले आणि पूर्ण नावाची, वळणदार सही ठोकली. टाळ्या वाजल्या. त्या घटकेला मला तो माणूस भला वाटला, हे लिहिताना आज माझीच मला किळस येते. घरी जाताना मी वाटेत पेढे घेतले. दुसऱ्या दिवशी आईला बाजारात नेऊन दिले आणि सांगितलं, तुझं काम झालं. तिला पेढा चालत नाही. तिने अर्धा खाल्ला आणि उरलेले आजूबाजूच्या बायकांत वाटले.

पंधरा दिवसांनी, बाजाराच्या आदल्या दिवशी, कांदे विकणाऱ्या एका बाईचा फोन आला. “ताई, आपलं बाथरूम पाडायलेत.”

मी पोहोचले तोवर एक भिंत उरली होती. जेसीबीवाल्याने कागद दाखवला. मी तिथून तडक मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात गेले. साहेब मोठे नम्र. उठून उभे राहिले, खुर्ची दिली, शिपायाला चहा सांगितला. मग नोंदवही मागवून माझ्यासमोर उघडून ठेवली.

“मॅडम, ठराव तर आपलाच आहे.”

“मी रंगवायला सांगितलं होतं. निर्लेखन म्हणजे काय?”

“वापरायोग्य नाही म्हणून नोंदीतून कमी करणं,” ते म्हणाले. “नोंदीतून कमी झाल्याशिवाय इमारत पाडता येत नाही. आणि ती पाडल्याशिवाय तिथे व्यापारी संकुल बसत नाही.”

एखाद्याला गाडीची वेळ सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं. तुम्हाला माहीत नव्हतं का, असं त्यांनी विचारलं नाही. मला माहीत नव्हतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, सूचक मी झाले ती त्याचमुळे. उद्या बायकांनी ओरडा केला तर दाखवायला एका बाईची सही हवी होती. ती त्याच बाजारात बसणाऱ्या बाईच्या लेकीची मिळाली, मग तर पाहायलाच नको. मी चहा न पिता उठले. ते दारापर्यंत सोडायला आले. अशी माणसं दारापर्यंत सोडायला येतात तेव्हा सावध व्हावं, एवढं मी त्या कार्यालयात शिकले.

पुढचे चार दिवस मी एकेका सदस्याला गाठून निर्लेखनाचा अर्थ विचारला. मला बघायचं होतं, की मी एकटीच गाढव की सगळा कळप. एक म्हणाला, लिलाव. एक म्हणाला, आतून फरशी बसवणं. ठरावाला अनुमोदन देणारा, तिसऱ्यांदा निवडून आलेला, पान थुंकून म्हणाला, “अर्थ बिर्थ साहेब बघतेत की. आपुन कावून डोकं लावायचं?” याच माणसाच्या वाढदिवसाला गावभर ‘विकासपुरुष’ म्हणून फलक लागतात. विकासाचा अर्थही साहेबच बघत असावेत.

घरी ह्यांना विचारलं. हे जेवत होते. घास न थांबवता म्हणाले, “पाडायचं ठरलंच होतं ते. संकुलात आपल्यालाबी एक गाळा बघतो म्हणालेत अध्यक्ष.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“बोलणं झालतं.”

“आणि आई?”

“सासूबाईंची करू की सोय काहीतरी.” त्यांनी भाकरी मागितली. मी उठले नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच उठले नाही, आणि ते त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. हात लांब करून त्यांनी आपली आपण घेतली.

पुढच्या सभेत मी उभी राहिले. बाजारात बायकांसाठी नवीन स्वच्छतागृह बांधा, म्हणाले. भांडायची तयारी करून गेले होते, मुद्दे लिहून नेले होते. एकही वाचावा लागला नाही. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळे एका सुरात ‘मंजूर’ म्हणाले. इतक्या झटकन तिथे श्रद्धांजलीचा ठरावही होत नसे. ठरावाच्या शेवटी अधीक्षकांनी तीन शब्द घातले, ‘जागा उपलब्ध झाल्यास’. या वेळी मला शब्द कळले. जागा होती ती संकुलाला दिलेली, दुसरी जागा उपलब्ध व्हायची असेल तर गाव ताणून मोठं करावं लागलं असतं. मी म्हणाले, मागच्या निर्लेखनाच्या ठरावाला माझा विरोध नोंदवा. अधीक्षकांनी नोंदवही उलटीपालटी केली. त्यांची अडचण खरी होती.

“मॅडम, विरोध कुठं लिहू? रकाना न्हाई.”

नव्हताच. सूचक होता, अनुमोदक होता आणि खाली मारायला ‘सर्वानुमते मंजूर’चा रबरी शिक्का होता. मी त्यांच्या हातून पेन घेतला आणि समासात लिहिलं, माझा विरोध आहे. खाली सही केली. अधीक्षकांनी शाईची डबी उघडली आणि त्याच ओळीवर शिक्का मारला. रागाने नाही, रोज मारतात तसाच. समोरून कुणीतरी म्हणालं, “वहिनी, आता चहा घ्या.” सगळे हसले. दाराबाहेरच्या बाकावरूनही हसण्याचा आवाज आला, त्यातला एक आवाज माझ्या ओळखीचा होता.

संकुलाचं भूमिपूजन थाटात झालं. मी गेले नाही, हे गेले. पहिला नारळ नासका निघाला, म्हणून दुसरा फोडला. पाटीवर नावांचा क्रम लावण्यात तासभर गेला. माझं नाव तिसरं घातलं, सूचक म्हणून.

हे सगळं मी आईला सांगितलं नव्हतं. बाजारातल्या बायका आता ओढ्याकडे, बाभळीच्या आडोशाला जाऊ लागल्या. तो ओढा बराच लांब, वाटेत देशी दारूचं दुकान. तिथवर जाणं आईच्या गुडघ्यांना जमेना. दर आठवड्याला मी तिच्याकडे जायचे आणि ती माझ्यासमोर शिव्या द्यायची. “ज्यानं पाडलं त्याच्या तोंडात माती पडो.” शेजारच्या बायकांना सांगायची, “माझी लेक लई भांडली त्यायच्यासंगं. एकटी भांडली.” बायका माझ्याकडे कौतुकाने बघायच्या. आणि मी, अध्यक्षाला आणि साहेबाला मनात लुच्चे म्हणणारी, तिथे मान खाली घालून मेथीची जुडी सारखी करत बसायचे.

उन्हाळ्यातल्या एका बाजाराला ती भाजीवरच कलंडली. बायकांनी उचलून दवाखान्यात नेलं. सलाइन लागलं. डॉक्टर माझ्यावर उखडले. अंगात पाणीच नाही म्हणाले, शुगरच्या पेशंटला तुम्ही पाणी पाजत नाही का? कांदेवालीने मला बाजूला घेऊन सांगितलं, की बाजाराच्या दिवशी आई पहाटेपासून पाण्याचा थेंब घेत नाही. हे काही महिने चाललेलं होतं.

दुपारी ती शुद्धीत आली. मी खाटेशेजारी बसले होते. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

“आई, ते पाडायच्या कागदावर माझी सही आहे.”

मी सगळं सांगितलं. शब्द, सूचक, पेढे, सगळं. मध्येच थांबवून ती काही विचारेल असं वाटत होतं, पण तिने पुरतं ऐकून घेतलं.

“काय लिव्हलंय ते न कळता सही केलीस?”

“हो.”

“मला अक्षर येत न्हाई,” ती म्हणाली. “कुणी कागद आणला तर अंगठा द्यायच्या आदी मी चौघांला इचारते, बाबा, काय लिव्हलंय ह्यात. तू कुणाला इचारलंस?”

“कुणालाच नाही.”

तिचे ओठ सुकून फाटले होते. मी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, तिच्या मानेखाली हात घातला आणि पेला तिच्या तोंडाशी नेला. तिने तोंड फिरवलं. मला वाटलं, माझ्या हातचं नको असेल.

“नगं,” ती म्हणाली. “आठ दिसांनी पुन्ना बाजार हाय. सवय मोडती.”