साठपर्यंत मोजणारे डोमाकाका

डोमाकाकांना कधी राग यायचा नाही. ते मोजायला लागले की आम्हा पोरींना मात्र यायचा.

कोंढ्याच्या शाळेत ते शिपाई. दिवसभर घंटा वाजवायची, पाण्याची टाकी भरायची आणि संध्याकाळी मैदानावर जाळी बांधून मुलींना व्हॉलीबॉल शिकवायचं. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. गोंदिया आपल्या भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला, त्या वर्षी ते नागपूरला कुठल्याशा शिबिरात चार दिवस राहिले आणि अंग ताणण्याचे बारा प्रकार शिकून आले. तेव्हापासून खेळाआधी बाराही ताण करायचेच, असा नियम झाला. एकेक ताण साठ आकडे होईपर्यंत धरून ठेवायचा.

काका डोळे मिटून मोजायचे. विहारात ध्यानाला बसावं तसे, अगदी सावकाश. मध्ये कोणी बोललं की पुन्हा एकपासून. पंचफुला एकदा पंचावन्नवर शिंकली, तर सगळ्या टीमने पुन्हा साठ भोगले. शिंकणं म्हणजे बोलणं नव्हे, हे त्यांना सांगायची सोय नव्हती. सांगितलं की आणखी एकदा एकपासून.

शाळेच्या मागच्या भिंतीवर उडीचं माप असायचं. मधल्या बोटाला ओला चुना लावायचा, उडी मारायची आणि भिंतीला बोट टेकवायचं. सगळ्यात वरची खूण काका खिळ्याने कोरून ठेवायचे आणि शेजारी नाव, साल लिहायचे. तिथे माझंही नाव आहे. चंद्रकांता, २००६.

त्याच वर्षी भंडाऱ्याला जिल्ह्याच्या टीमची निवड होती. काकांनी मैदानाच्या कडेला आमच्याकडून बाराही ताण करून घेतले. दहाव्या ताणाला माझ्या मांड्या कशा तरीच व्हायला लागल्या. मी न राहवून म्हटलं, "काका, पाय जड झाले जी." काकांचे डोळे मिटलेलेच. "त्रेचाळीस... चव्वेचाळीस..." मोजणं चालू राहिलं. त्यांना ऐकूच गेलं नसावं, असं मी धरून चालले. पुढे माझी उडी दोन बोटं कमी पडली आणि निवड हुकली. बसमध्ये काका एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी ताण वाढवू."

पुढचं वर्ष आलं ते लग्न घेऊन. सासर गावातच. आता मी मैदानाला लागून असलेल्या अंगणवाडीत खिचडी शिजवते आणि पोरांची नाकं पुसते. आपल्या पायांत तेवढा दम नव्हता, असं मी सोळा वर्षं मानत आले. मानलं की बरं असतं. कोणाशी भांडावं लागत नाही.

मग दोन हजार बावीसच्या भादव्यात काका भंडाऱ्याला एक दिवसाच्या प्रशिक्षणाला गेले आणि परत आले ते तोंड पाडूनच. त्यांच्या लेकीच्या वयाच्या कोणा मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की खेळाआधी ताण धरून ठेवू नका, त्याने उडी कमी होऊ शकते. अंग गरम करा, धरून ठेवायचे ताण खेळ संपल्यावर.

दुसऱ्या दिवशी काका अंगणवाडीच्या दारात उभे. "चंद्रकांता, कालपर्यंत खरं होतं ते आज खोटं कसं होते वो?"

"मले काय विचारता जी? मी खिचडी शिजवून राहिली."

ते तसेच उभे राहिले. "आन या उन्हात अंग आणखी काय गरम करायचं? हात लावला तं चटका बसते!"

रुचिता ही आताच्या पोरींमधली सगळ्यात उंच उडी मारणारी. तिची निवड पंधरा दिवसांवर आलेली, त्यामुळे सरावही सकाळचा सुरू झाला होता. काकांनी काय करावं? ताण वाईट ना, मग काहीच नको. पोरींना आल्या आल्या उड्या मारायला लावलं. रुचिताची खूण रोजच्यापेक्षा खालीच लागली, शिवाय मांडीत असा पेटका आला की बिचारी मटकन खाली बसली.

"ताणलं तरी कमी, नाही ताणलं तरी कमी!" काका डोकं धरून बसले. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू.

काकांची बायको बायजाबाई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "बैल नांगराले जुंपता, तं खुट्यावरून सोडून आधी वावराच्या धुऱ्यापर्यंत चालवत नेता ना? का खुट्यालेच दावं ताणून ठेवता?"

काका तिच्याकडे बघतच राहिले. बारा ताण शिकायला नागपूरला गेले होते आणि हे घरच्या गोठ्यातच होतं. रुचिताला दोन दिवस विश्रांती दिली. तिसऱ्या दिवसापासून मैदानाला हळू फेऱ्या, पाय झुलवणं, हलक्या उड्या आणि मग भिंत. रुचिताचं बोट तिच्याच कोरलेल्या खुणेच्या दोन बोटं वर लागलं. काकांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम जुने साठ मोजून घेतले, तर खूण पुन्हा खाली. असं आठवडाभर चाललं, एक दिवस ताण, एक दिवस फेऱ्या. दोन पोरींना कशानेच फरक पडला नाही, त्यामुळे ते आणखी गोंधळले. पण रुचिताचं बोट दर वेळी तेच सांगत होतं.

शेवटच्या दिवशी पोरी गेल्या तरी काका भिंतीसमोरच उभे होते. मी अंगणवाडीच्या खिडकीतून बघत होते. त्यांनी रुचिताच्या दोन खुणांमध्ये आपली बोटं धरून पाहिली. दोन. मग त्यांची नजर भिंतीवरून सरकत सरकत माझ्या नावावर थांबली.

माझ्या हातातला खिचडीचा पळा तसाच राहिला. माझीही दोनच होती. असा संताप आला, की भिंत पाडून टाकावी. पण संतापायचं तरी कोणावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ. या माणसाने मला बॉल दिला, बूट दिले, बापाशी भांडून भंडाऱ्याला नेलं.

काका आले आणि पोरांच्या पाटावर बसले.

"एक सांग. त्या दिवशी भंडाऱ्यात तुहे पाय जड झाले होते का?"

सोळा वर्षं हा प्रश्न कोणी विचारावा म्हणून मी थांबले होते. आणि तोंडातून निघालं ते भलतंच. का निघालं, मला अजून कळलेलं नाही.

"नाही जी. पाय ठीकच होते. माहीच उडी कमी."

"खोटं नोको बोलू, पोरी. तू म्हणली होती. मी बेचाळीसवर होतो."

मी पळा खाली ठेवला. "तुम्हाले आयकू आलं होतं?"

"आलं होतं," काका म्हणाले. "म्हणून तं पुन्हा एकपासून नाही मोजलं."